सत्तरी ओलांडली म्हणून यकृताची शस्त्रक्रिया नाहीच?

"आता या वयात कशाला चिरफाड? आहेत ते दिवस सुखाने जाऊ देत." मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरल्याचा रिपोर्ट आला आणि रुग्ण सत्तरीपुढचा असला, की मिरजोळ्यापासून मुंबईपर्यंत घरोघरी हेच ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण सर्जनला विचारण्याआधीच निकाल लागतो, तोही जन्मतारखेवरून!

आता आकडे पाहा. यकृतातल्या अशा गाठी काढलेल्या ७,७६४ रुग्णांची माहिती फ्रेंच सर्जन रेने आदाम आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतले १,६२४ जण सत्तरीचे किंवा त्यापुढचे होते. शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षांनी ज्येष्ठांपैकी ५७.१ टक्के हयात होते, सत्तरीखालच्यांपैकी ६०.२ टक्के.

धोका ज्येष्ठांना जास्त असतो, हे लपवू नये. ६० दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यात ३.८ टक्के होतं, सत्तरीखालच्यांत १.६. शिवाय हे सगळे पारखून निवडलेले रुग्ण होते. मुद्दा नेमका तोच आहे: पारख करायला हवी, आणि ती केवळ वयाची नव्हे. हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं कशी आहेत? माणूस किती चालतो, नीट जेवतो का, स्मरणशक्ती शाबूत आहे का? रोज कलमांच्या बागेत चढउतार करणारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा शस्त्रक्रिया झेपण्याच्या बाबतीत चार पावलांत धाप लागणाऱ्या साठीच्या गृहस्थापेक्षा सरस ठरू शकतात.

यकृताचा किती भाग उरेल, हाही प्रश्न महत्त्वाचा. निरोगी यकृताचा ७० टक्के भाग काढला तरी उरलेलं पुन्हा वाढतं. केमोथेरपी झालेल्या यकृतात मात्र जास्त भाग राखावा लागतो. लहान, मोजक्या गाठी काही वेळा सुईतून उष्णता देऊनही नष्ट करता येतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"सुरी लागली की कॅन्सर पसरतो." आतड्यांचं रक्त थेट यकृतात जातं, गाठी त्या वाटेने शस्त्रक्रियेआधीच पोचलेल्या असतात.

"यकृतात गेला म्हणजे संपलं." स्टेज चौथी, हे खरं. तरीही गाठी पूर्ण काढता आल्या, तर अनेक मोठ्या केंद्रांत सुमारे ४० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात.

"खर्च झेपणार नाही." ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आपली शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे रुग्णालयात आधी विचारावं.

म्हणून नकार देण्यापूर्वी सीटी स्कॅन आणि सगळे रिपोर्ट घेऊन परळच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्रात यकृताचे सर्जन आणि कॅन्सरतज्ज्ञ या दोघांचंही मत घ्यावं. तिथे पहिला प्रश्न हा विचारावा: गाठी पूर्ण निघतील का, आणि उरलेलं यकृत पुरेल का? उत्तर 'नाही' आलं, तर त्याचं कारणही विचारावं. 'वय झालं' एवढंच कारण मिळालं, तर दुसरं मत घ्यावं.