हळद घरची, कण नॅनोचे

चमचाभर हळद पेलाभर पाण्यात ढवळून ठेवा. थोड्या वेळाने ती तळाशी बसलेली दिसेल. हळदीतला औषधी अंश, म्हणजे कुर्कुमीन, पाण्यात विरघळत नाही. म्हणून पोटात गेला तरी रक्तात फारच थोडा उतरतो. तेला-तुपात मात्र तो विरघळतो.

खडेमीठ उशिरा विरघळते, बारीक मीठ चटकन. हीच युक्ती शास्त्रज्ञ वापरतात. ते कुर्कुमीनचे अतिसूक्ष्म कण करतात किंवा ते स्निग्ध पदार्थाच्या बारीक कणांत भरतात. हे कण नॅनोमीटरने मोजतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, की त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर! अशाने औषध अधिक अंगी लागते.

पण अधिक अंगी लागणारे औषध अधिक बाधूही शकते. हळदीच्या गोळ्या सर्वांना मानवत नाहीत. इटलीत २०१९ साली त्या घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला सूज आली होती.

तेव्हा भाजी-आमटीतली हळद खुशाल वापरा. ‘नॅनो’ लिहिलेली कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या. यकृताचे दुखणे असेल किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर विचारल्यावाचून मुळीच घेऊ नका.