रंग चार, शेजारी अनेक : बिनतारी सेन्सरांचे गणित

बर दुबईत मनखूल किंवा मीना बझारमधील एखाद्या दाटीच्या इमारतीत मोबाइलवर वाय-फायची यादी उघडली, तर शेजाऱ्यांच्या राउटरांची रांगच दिसते. त्याच हवेत आता धूर, पाणीगळती आणि तापमान टिपणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या सेन्सरांचीही भर पडली आहे. यांपैकी अनेक सेन्सर वाय-फायच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. तेथे त्यांच्यासाठी ११ ते २६ अशा १६ वाहिन्या आहेत. परंतु वाय-फायने आपल्या नेहमीच्या १, ६ आणि ११ क्रमांकाच्या वाहिन्या व्यापल्या, की सेन्सरांना मोकळ्या अशा जेमतेम चार उरतात : १५, २०, २५ आणि २६.

चार हा आकडा गणितज्ञांच्या परिचयाचा. सपाट नकाशातील लगतचे प्रदेश वेगळे दाखवण्यास चार रंग पुरतात, असा अंदाज फ्रान्सिस गथ्री याने १८५२ मध्ये बांधला. अ‍ॅपल आणि हाकेन यांनी तो १९७६ मध्ये संगणकाच्या साह्याने सिद्ध केला. हाताने तपासता न येणारी ती सिद्धता तेव्हा अनेकांना रुचली नव्हती. वाहिनीला रंग मानले आणि प्रत्येक घरातील सेन्सरांचे जाळे हा एक प्रदेश मानला, तर प्रश्न तोच. मात्र इमारतीत शेजारी वर आणि खालीही असतात. चार रंगांची हमी तेथे लागू पडत नाही.

एकाच जाळ्याच्या आतली अडचण अधिक बिकट आहे. तेथे सर्व सेन्सर एकाच वाहिनीवर असतात. म्हणून रंग म्हणजे बोलण्याची पाळी. तळमजल्यावरचा आणि चौथ्या मजल्यावरचा सेन्सर एकमेकांना ऐकू येत नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्याला मात्र दोघेही ऐकू येतात. ते एकाच क्षणी बोलले, तर मधल्याच्या पदरी नुसता गोंगाट पडतो. तेव्हा शेजाऱ्याच्या शेजाऱ्याचाही रंग वेगळा हवा.

या एका अटीने किती फरक पडतो, हे शरदचंद्र श्रीखंडे यांच्या १९५९ च्या प्रसिद्ध आलेखात स्पष्ट दिसते. श्रीखंडे नागपुरात शिकले आणि पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांच्या आलेखात १६ बिंदू असून प्रत्येकाला सहा शेजारी आहेत. केवळ शेजाऱ्यांपुरता विचार केला, तर चार रंगांत काम भागते. पण त्यातील कोणत्याही दोन बिंदूंना नेमके दोन सामाईक शेजारी असतात. त्यामुळे नवी अट लागताच सोळाच्या सोळा रंग लागतात.

पाळी नसताना रेडिओ झोपवता येतो आणि बॅटरी दीर्घकाळ टिकते, हा या पद्धतीचा मोठा लाभ. परंतु पाळ्या चारांवरून सोळांवर गेल्या, की फेरी चौपट लांबते आणि धुराची सूचनाही तितकीच रखडू शकते. म्हणूनच काही रचनांत तातडीच्या संदेशांसाठी एखादी पाळी राखून ठेवतात.

कोणत्याही जाळ्यासाठी कमीत कमी किती रंग लागतील, हे झटपट सांगणारी रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही. व्यवहारात प्रत्येक सेन्सर शेजाऱ्यांकडून त्यांच्या व त्यांच्या शेजाऱ्यांच्या पाळ्या ऐकतो आणि त्यांत नसलेली सर्वांत लहान पाळी घेतो. हे उत्तम उत्तर असेलच असे नाही. मात्र त्यासाठी संपूर्ण इमारतीचा नकाशा कोणाजवळही असावा लागत नाही. दोघांनी एकाच वेळी एकच पाळी धरली, तर एकाने मागे सरायचे. भाडेकरू बदलला, लोखंडी कपाट भिंतीला लागले, की कोण कोणाला ऐकू येते तेच बदलते आणि पाळ्यांची वाटणी पुन्हा सुरू होते.