गंजलेली जुनी गाडी घरी करताय? आधी कागद, मग चेसिस, रंग सगळ्यात शेवटी

वाळवा तालुका (वार्ताहर) : आपल्याकडं प्रत्येक गावात कुणाच्या तरी गोठ्यात नाहीतर वाड्याच्या मागं एखादी जुनी गाडी उभी असतेच. फियाट असेल, जीप असेल. वर कडब्याच्या पेंढ्या, आत कोंबड्या. अलीकडं मोबाईलवर व्हिडिओ बघून पोरं अशा गाड्या बाहेर ओढायला लागलीत. दोन महिन्यांत मलाच तिघांचे फोन आले, "दादा, तुम्ही घरीच केली म्हणं गाडी, कसं केलं?" म्हणून हे एकदा सविस्तर लिहितो. मी मेकॅनिक नाही. ऊस करतो, सोयाबीन करतो आणि बातम्या देतो. पण एका गाडीवर चार वर्षं हात काळे केलेत आणि पहिल्याच वर्षी ३८ हजार रुपये पाण्यात घातलेत. तुमचे तरी वाचावेत.

आमची गाडी म्हणजे १९६६ सालची स्टँडर्ड हेरल्ड, दोन दारांची. माझ्या चुलत्यांनी, अण्णांनी, १९७८ साली तालुक्याच्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली. गावातली पोरं तिला स्पोर्ट्स कार म्हणतात. तसं ते अगदीच चूक नाही. इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीनं १९५९ मध्ये ही हेरल्ड काढली, आकार इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांचा. पुढं १९६२ मध्ये याच हेरल्डची चेसिस आखूड करून त्यांनी स्पिटफायर नावाची खरी स्पोर्ट्स कार केली. आपल्याकडं मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीनं १९६१ पासून हेरल्ड बनवली, नंतरच्या मॉडेलला चार दारं आली. इंजिन फक्त ९४८ सीसीचं, म्हणजे स्पोर्ट्स नुसतं दिसायलाच. पण बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट आख्खं पुढं उघडतं आणि इंजिन चारी बाजूंनी मोकळं दिसतं. घरी काम करणाऱ्याला यासारखं सुख नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आमच्या गोठ्यात शिरलं. जनावरं वर नेली, गाडी राहिली. स्टेअरिंगपर्यंत पाणी होतं. पूर ओसरल्यावर भंगारवाला आला आणि किलोवर भाव सांगून गेला. गाडीचं वजन साधारण ८०० किलो, त्याचा हिशोब त्याच्या तोंडावर होता. अण्णा काही बोलले नाहीत, नुसते दाराजवळ जाऊन उभे राहिले. तेव्हा मीच म्हटलं, राहू द्या, करून घेऊ.

आणि तिथंच चूक केली. गाडी धुतली, शहरातल्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडं टाकली. त्यानं घासली, पुट्टी भरली, झकास आकाशी रंग मारला. ३८ हजार बिल झालं. दसऱ्यासारखी पूजा केली. पुढच्या पावसाळ्यात दाराच्या खाली फोड आले. बोटानं दाबला तर रंगाची पापडी निघाली आणि आतून लाल भुगा पडला. पुट्टीच्या मागं पत्राच नव्हता. दोष एकट्या रंगवाल्याचा नाही, मी त्याला रंग सांगितला, त्यानं रंग मारला. बघायला पाहिजे होतं ते मी बघितलं नव्हतं.

गंजाचं असं आहे, बाहेरून दिसतो त्याच्या कैक पट आत असतो. लोखंड, पाणी आणि हवा एवढं त्याला पुरतं. हेरल्डची चेसिस चौकोनी नळीसारखी, आतून पोकळ. पुराचा गाळ त्या पोकळीत जाऊन बसला आणि सहा महिने ओल धरून राहिला. बाहेरून धुतलेली गाडी चकचकीत आणि आतून पट्टी कुजत होती. पूर आला नसला तरी गोठ्यातल्या गाडीची तीच गत, कारण खालून ओल आणि जनावरांच्या मुताचा खार. जुन्या गाडीला एक वेळ उन्हात उभं करा, पण गोठ्यात नको.

तर तपासणी अशी करा. जाड स्क्रूड्रायव्हर, लहान हातोडी आणि एक लोहचुंबक घ्या. चुंबक पत्र्यावरून फिरवा, जिथं चिकटत नाही तिथं पुट्टी आहे. मग गाडीखाली जाऊन चेसिसला हातोडीनं ठोका. चांगल्या लोखंडाचा आवाज टणटणीत येतो, कुजलेल्याचा भद्द. भद्द आला तिथं स्क्रूड्रायव्हर दाबा. घुसला तर घुसू द्या, तुम्ही भोक पाडलेलं नाही, ते होतंच. हेरल्डमध्ये मागच्या बाजूला चेसिसचे जे हात बाहेर निघतात ते आणि दारांखालून जाणाऱ्या कडेच्या पट्ट्या आधी जातात. डिकीचा तळ आणि पाय ठेवायचा पत्राही बघा. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीच विसंबू नका. लोखंडी घोड्या लावा, चाकाखाली लाकडी ओंडका सारा. गंजलेल्या पट्टीला जॅक लावला तर जॅक पट्टीत घुसतो आणि गाडी खाली येते. हे घाबरवायला लिहीत नाही, माझ्या डोळ्यांदेखत घुसलाय. त्या वेळी खाली कुणी नव्हतं एवढंच.

एवढं बघितल्यावर लगेच वेल्डरला फोन लावू नका. आधी कपाट उघडा आणि आरसी बुक शोधा. आमची गंमत इथंच झाली. ४० वर्षं गाडी अण्णांची, पण कागदावर डॉक्टरांची, आणि डॉक्टर कधीच वारलेले. त्या काळी चिठ्ठी आणि शब्दावर व्यवहार व्हायचे, गाडी नावावर करायचं राहूनच गेलं. मालक हयात असतील तर फॉर्म २९ आणि ३० वर काम होतं. मालक मयत असेल तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ नं गाडी येते, मग पुढं. आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार देऊन फॉर्म २६. डॉक्टरांच्या मुलानं पुण्याहून येऊन सह्या दिल्या म्हणून आमचं निभावलं. त्यानं नाही म्हटलं असतं तर सगळा खर्च वाया, ती गाडी अंगणातली शोभा झाली असती.

दुसरं, गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल तर केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम काढलेत. पहिली नोंदणी होऊन ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नियम आले तेव्हा नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं आणि पुढच्या वेळी ५ हजार अशी होती. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच राहतो, हे फार बरं केलं. पण मग ती रोज बाजाराला न्यायची गाडी राहत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची, भाड्याबिड्याचं तर नावच नको. रोज फिरवायची असेल तर नेहमीच्या पद्धतीनं तपासणी करून ५-५ वर्षांचं नूतनीकरण. कुठल्या वाटेनं जायचं ते आरटीओत विचारून आधीच ठरवा.

आधीच का, ते सांगतो. व्हिंटेजच्या नियमात गाडी मूळ रूपात पाहिजे. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल चालत नाही. आणि आपल्याकडं पहिला सल्ला काय मिळतो? "दादा, ओम्नीचं इंजिन टाका, पार्टाचं टेन्शनच नाही." मला तिघांनी सांगितलं. एकानं तर जीपची चेसिस खाली द्यायला काढली होती. स्वस्तात पडलं असतं, पण मग ती हेरल्ड कागदावरही राहिली नसती. चेसिस नंबरच्या प्लेटवर रंग किंवा ग्राइंडर फिरू देऊ नका. कामाला हात लावायच्या आधी फोटो काढा आणि कागद ठेवून पेन्सिल घासून प्रिंट घ्या. आरटीओचे एजंट घेतात तशी.

आता खरं काम. हेरल्डची बॉडी वेगळी आणि चेसिस वेगळी, नटबोल्टवर बसवलेली. त्यामुळं फियाटपेक्षा ती घरी करायला सोपी. फियाटमध्ये वेगळी चेसिस नसते, पत्रा हाच सांगाडा. नटबोल्ट मात्र इंची मापाचे. १२-१३ चा पाना लावाल तर डोकी गोल होतील. इंची पाने जुन्या मॅसी ट्रॅक्टरचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडं हमखास मिळतात, मी तिथूनच उसने आणले. गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्री डिझेल आणि ऑईल पाजा. जोर लावायची घाई केली की बोल्ट तुटतो, मग दोन तास ड्रिल.

कुजलेली पट्टी कापायच्या आधी गाडी सपाट जागेवर चार ठिकाणी घोडीवर घ्या आणि दाराच्या मोकळ्या चौकटीत आडवा अँगल टाका मारून बसवा. मी पहिल्या बाजूला ते केलं नाही. पट्टी कापली, नवी बसवली, दार लावायला गेलो तर बोटभर खाली. सगळं परत कापलं. वेल्डिंगचंही तसंच. आपल्याकडं फॅब्रिकेशनवाल्याकडं रॉडचं वेल्डिंग असतं, गेटाला आणि ट्रॉलीला ते झकास. गाडीचा पत्रा मिलिमीटरभर जाड, रॉड लावला की भोक. गॅसचं नाहीतर सीओटू वेल्डिंग करणारा शोधा. तोही सलग रेघ नको, थोडं इकडं, थोडं तिकडं, थंड होऊ देत देत, नाहीतर पत्रा वाकडा होतो. गंजक्या पत्र्यावर ठिगळ मारू नका. चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापायचं. आणि सगळ्याच्या आधी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवायची. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा वाईट, आत वाफ असते.

सुट्ट्या भागांचा गंज काढायला आपल्या ऊसपट्ट्यात एक फुकटासारखा उपाय आहे, मळी. पशुखाद्यासाठी मिळते तीच. प्लास्टिकच्या पिंपात एक भाग मळी, नऊ भाग पाणी, त्यात बिजागऱ्या, ब्रॅकेट, नटबोल्ट बुडवून दोन-तीन आठवडे विसरून जायचं. गंज सुटतो, लोखंडाला धक्का लागत नाही. वास मात्र असा सुटतो की घरच्यांनी पिंप विहिरीवर न्यायला लावलं. मळीचं पिंप म्हटल्यावर दोघंतिघं वेगळ्याच आशेनं चौकशी करून गेले. अॅल्युमिनियमचा भाग त्यात टाकू नका, खाल्ला जातो. काढल्यावर धुऊन, वाळवून त्याच दिवशी प्रायमर मारा. उघडं लोखंड आपल्या हवेत एका रात्रीत लालसर होतं.

इंजिनचं थोडक्यात. बंद पडलेलं इंजिन लगेच स्टार्टरनं फिरवू नका. प्लग काढा, प्रत्येक भोकातून थोडं डिझेल आणि ऑईल सोडा, आठ दिवस थांबा, मग हातानं फिरवून बघा. आमचं अकराव्या दिवशी हललं. जुन्या ब्रिटिश घाटाच्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असू शकतो, आपल्या नेहमीच्या उलट. तपासल्याशिवाय वायर जोडू नका. पेट्रोलचे रबरी पाईप सगळे नवे टाका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुनं रबर त्यानं फुगतं आणि चिरतं. दुकानदाराला इथेनॉल चालणारा पाईप म्हणून सांगा. ऊस आपला, इथेनॉल आपलं, पाईप मात्र बदलायलाच पाहिजे. टायरची काळजी नाही, १३ इंची वॅगनआरमुळं कुठंही मिळतात.

वेल्डिंग आणि रंग झाल्यावर चेसिसच्या पोकळीत आतून मेणाचा थर मारून घ्या, त्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो. खालची पाणी जायची भोकं बुजवू नका. आमच्या रंगवाल्यानं पुट्टी भरताना तीच बुजवली होती.

आमची गाडी आज कुठपर्यंत आलीय तर चेसिस पूर्ण झाली, इंजिन चालतं, कागद अण्णांच्या नावावर आले. बॉडीवर अजून नुसता रेड ऑक्साईड आहे आणि तो एकटा पावसाला टिकत नाही, त्यावर रंग लागतोच. पण रंगाच्या आधी ब्रेक. चारी चाकांना ड्रम ब्रेक, आतली रबरं दगड झालेली. चेन्नईहून किट मागवलंय, अजून पोचलं नाही. अण्णा आता ८१ वर्षांचे आहेत. रोज संध्याकाळी गाडीत जाऊन बसतात, गिअर टाकून बघतात आणि किटचं विचारतात. परवा म्हणाले, ब्रेक नसू दे, गल्लीतल्या गल्लीत फिरवू. मी चावी खिशात ठेवली.