वाट्याचे पाच बांगडे

गौलीगुड्यातल्या आमच्या घरी मासा म्हणजे मरळ. चालत गेलं की बेगमबाजारचा मासळीबाजार. तिथं टबातल्या पाण्यात मरळ जिवंत वळवळत असतात. हा मासा पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेतो, त्यामुळे तळ्यातून निघून शहरात जिताजागता पोचतो. मिरगाला मासे खायचेच, हा हैदराबादचा रिवाज आमच्या घरानंही कधीचाच उचललाय, आणि त्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. बांगडा मात्र आमच्याकडे बर्फात पडूनच येतो. तो पाण्याबाहेर टिकत नाही, आणि अंगात तेल असल्यानं लवकर उतरतो. असा मासा ताजा खायचा तर आपणच समुद्रापाशी जायला हवं, असं म्हणत यंदा फेब्रुवारीत आम्ही चार दिवस देवबागला जाऊन राहिलो.

देवबाग म्हणजे तारकर्लीच्या पुढची जमिनीची एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांचा संगम. इथल्या कितीतरी मच्छीमार कुटुंबांनी माडांच्या सावलीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात. आमची खोली अशाच एका घराची होती. पुढं वाळू, मागं स्वयंपाकघर. पोचल्या पोचल्या मी घरच्या काकींना विचारलं, उद्या जेवायला काय? त्या म्हणाल्या, "समुद्र काय देता ता बघूया, मगे सांगतंय."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता किनाऱ्यावर माणसं जमली. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागणार होती. दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती देऊन होडी आत गेली. वल्ह्यांच्या तालावर जाळं पाण्यात उतरत गेलं. वरच्या काठाला बोयरे, खालच्या काठाला शिसं, त्यामुळे जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. मोठं अर्धवर्तुळ घालून होडी बरीच लांब किनाऱ्याला लागली आणि दोराचं दुसरं टोक वाळूवर आलं. आता दोन टोकांना दोन रांगा. तोंड समुद्राकडे, चाल मागे. रांगेतला शेवटचा माणूस माडांपाशी पोचला की दोर सोडतो, चालत पाण्यापाशी जातो आणि पुन्हा पहिला होतो. घाई कुणालाच नाही. एक टोक पुढं गेलं की जाळं तिरपं होतं आणि मासळी निसटते, म्हणून दोन्ही रांगा एकमेकींवर नजर ठेवून ओढतात.

मी कट्ट्यावर चहा घेत बसलो होतो. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मान वळवली. "बगतास काय? हात लाव मरे!"

मी दोर धरला. ओला नायलॉनचा दोर, त्यात वाळू. पहिल्या दहा मिनिटांत तळवे लाल झाले. म्हाताऱ्यानं माझे खांदे धरून मला मागे कलवलं. हातांनी नव्हे, अंगाच्या भारानं ओढायचं. टाच वाळूत रोवायची, कंबर टेकल्यासारखी मागे सोडायची, आणि सगळ्यांची पावलं एकदम पडली की दोर आपोआप येतो. दोनेक तासांनी दोन्ही रांगा जवळ आल्या. जाळ्याच्या पोटातलं पाणी उकळल्यासारखं खदखदायला लागलं. घारी खाली उतरल्या. बायका पाट्या घेऊन पुढं झाल्या.

वाळूवर आलं ते बहुतेक पेडवे, थोडे बांगडे, एक-दोन सौंदाळे, आणि चेंडूसारखे फुगलेले केंड. जाळी कुरतडणाऱ्या या केंडांना आधी बाजूला केलं. शिवाय प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्याही वेगळ्या काढल्या. म्हातारा म्हणाला, पूर्वी एका ओढीला पाट्या पुरत नसत. आज किनाऱ्याजवळ यायच्या आतच मासळी ट्रॉलर आणि पर्ससीनच्या जाळ्यांत जाते. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 सालचा आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि एलईडी दिवे लावून मासे ओढण्यावर केंद्रानं 2017 मध्ये बंदी आणली. नियम कागदावर आहेत, ते समुद्रातही दिसायला हवेत. रापणीला किनारा सोडून जाता येत नाही. दारात येईल तेवढ्यावरच तिचं घर चालतं.

मग वाटे झाले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. सगळं वाळूवर, सगळ्यांसमोर. म्हाताऱ्यानं पाच बांगडे उचलून माझ्यापुढं ठेवले. मी नको नको म्हणत होतो. दोराला हात लावला त्याला रिकामं पाठवत नाहीत, एवढंच तो बोलला.

काकींनी ते बांगडे विळीवर साफ केले. पाठ निळी-हिरवी, डोळा काचेसारखा, कल्ले लालभडक. तीन भाजले. दोनांचं तिखलं केलं: हळद, मिरची, थोडं खोबरं, आमसूल आणि तिरफळं. तिरफळाची काळी बी आधी काढून टाकायची, साल तेवढी ठेचायची. बांगड्याच्या तेलकट वासाला तिरफळच आवरतं, असं त्या सांगत होत्या. उकड्या तांदळाचा भात, वर सोलकढी. माशाचा तुकडा काट्यापासून बोटाच्या स्पर्शानं सुटत होता. जेवून पडवीत आडवा झालो. खांदे भरून आले होते आणि कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी झोप लागली.

निघताना हिशेब मांडला. खोली, चहा, चार दिवसांची जेवणं. त्या दुपारच्या जेवणापुढं भात आणि कढी एवढंच लिहिलं होतं. मी विचारलं, काकी, माशांचे राहिले की. त्या हसल्या नाहीत, सरळ माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ता म्हावरा तुमच्या वाट्याचा. त्याचे पैशे मी कसे घेव?"