मरणभय आणि सोबत

गोव्यातील भाविक ज्याला आपली पंढरी मानतात ते विठ्ठलापूरचे विठ्ठलमंदिर वाळवंटी नदीच्या काठी कारापूर गावात आहे, आणि डिचोली तालुक्यातील सर्वण हे गाव याच कारापूरच्या जोडीने एका पंचायतीच्या हद्दीत मोडते. आषाढीला विठ्ठलापुरास दिंड्या पायी येतात, त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री नदीच्या पात्रात दिव्यांनी सजविलेल्या नौका सोडल्या जातात, आणि एरवी या टापूतील जीवन शेती, कुळागरे, देवस्थानाची वहिवाट व डिचोली-साखळीच्या बाजारांतील ये-जा यांतच सरत असते. अशा गावात कोणाच्या घरी मयत झाले, तर पुढची तजवीज कोणाला सांगावी लागत नाही. एकजण आपण होऊन बांबू तोडावयास जातो, दुसरा लाकडांच्या मागे लागतो, तिसरा मुंबई-पुण्याच्या नातलगांना फोन करू लागतो, वाड्यावरच्या बायका येऊन घरातल्या बाईच्या अंगाला अंग लावून बसतात, आणि त्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारून पेजेचे भांडे येते. मृत्यूच्या भयासंबंधी लिहिताना मी येथून आरंभ करतो तो एवढ्यासाठी की, या भयावर माणसाने आजवर जे उपाय शोधले त्यांत तत्त्वज्ञानाचा गौरव पुष्कळ झाला. परंतु ज्या उपायाच्या बळावर सामान्य माणूस खरोखर तगून राहिला, त्या सोबतीच्या उपायाकडे व्हावे तितके लक्ष गेले नाही.

मरणाची भीती वाटते असे जो म्हणतो त्याला जवळ बसवून, घाई न करता, नेमके कशाचे भय वाटते असे विचारावे; बहुधा तो मरणाविषयी बोलतच नाही. कोणी वेदनांविषयी बोलतो, कोणी ‘बांबोळीला नेले’, म्हणजे तेथल्या सरकारी इस्पितळात दाखल केले, की पुढे जी खाट, ज्या नळ्या आणि जी अनोळखी माणसे वाट्याला येतील त्यांविषयी बोलतो, एखादी विधवा आपल्या परावलंबी मुलाविषयी बोलते, कर्ता पुरुष अर्धवट राहिलेल्या घराविषयी आणि कर्जाविषयी बोलतो, आणि ‘मी असा उरणारच नाही’ या निखळ अभावाविषयी बोलणारे त्या मानाने थोडेच निघतात. अर्नेस्ट बेकर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात माणसाची कीर्तीची हाव, त्याचे पराक्रम, किंबहुना त्याची सगळी संस्कृतीच या अभावाच्या जाणिवेपासून दूर पळण्याच्या धडपडीतून उपजली आहे असे प्रतिपादन केले; पुढच्याच वर्षी तो कर्करोगाने निवर्तला आणि त्याच्या पश्चात त्या ग्रंथाला पुलित्झर पारितोषिक मिळाले. बेकरचा सिद्धांत मोठा आहे, आणि त्यात तथ्यही आहे. तथापि मरणभय हे एकच एक भय आहे असे धरून चालल्यामुळे, ज्याला औषध पाहिजे त्याला उपदेश आणि ज्याला धीराचा शब्द पाहिजे त्याला वेदान्त देण्याची चूक आपल्या हातून नित्य घडते.

मागे राहणाऱ्यांचे काय, या भयाला आपल्या पूर्वजांनी दिलेले उत्तर पाहावयाचे असेल तर दहाव्या दिवशी नदीकाठी जावे. पिंड मांडून माणसे मागे सरकतात आणि कावळ्याची वाट पाहू लागतात. कावळा समोरच्या माडावर येऊन बसलेला असतो, मान तिरपी करून पाहतो, पण खाली उतरत नाही. मग कोणी जाणता माणूस थोरल्या मुलाला खुणावतो, आणि तो ओल्या पंच्यानिशी हात जोडून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, “बाबा, आईला आम्ही एकटी ठेवणार नाही.” कावळा हलत नाही. मागून कोणी हळूच म्हणते, “धाकट्याचे बोल रे,” आणि मुलगा पुन्हा हात जोडून म्हणतो की धाकट्याचा वाटा त्याला बिनतक्रार मिळेल, त्याचे शिक्षण आम्ही पुरे करू. अखेर कावळा शिवतो. नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून विधी उरकला जातो. मृताचा आत्मा त्या कावळ्याच्या रूपाने येतो की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, आणि मी त्यात शिरत नाही. माझे लक्ष त्या वेळी मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांकडे जाते. त्यांच्यातला प्रत्येकजण ते वचन ऐकत असतो. जी गोष्ट बापलेकांना घरात समोरासमोर बसून कधी बोलता आली नसती ती येथे चार माणसांच्या साक्षीने उघड बोलली गेली, आणि उद्या आपल्यासाठीही अशीच बोलली जाईल, हा दिलासा घेऊनच ते घरी परततात. मृतासाठी म्हणून केलेल्या या विधीचा मोठा लाभ, माझ्या मते, जे अद्याप जायचे आहेत त्यांना होतो.

मात्र हे वचन मरणानंतर दहा दिवसांनी देण्यापेक्षा माणूस जिवंत असताना दिले, तर त्याच्या कितीतरी रात्री सुखाच्या जातील. गोव्यातील वृद्ध माणसाची काळजी पुष्कळदा कागदपत्रांच्या रूपाने प्रकट होते. कपाटातली पत्र्याची पेटी काढून तो जमिनीचा एक-चौदाचा उतारा पुनःपुन्हा पाहतो, त्यावर अजून आजोबांचेच नाव आहे म्हणून हळहळतो, आणि घरच्यांना वाटते की याला जमीनजुमल्याचा लोभ सुटत नाही. तो लोभ असतो असे मला वाटत नाही. ज्या शब्दांत आपली भीती सांगावी असे शब्द त्याला ठाऊक नसतात, म्हणून तो ती दस्तऐवजांच्या भाषेत सांगतो. अशा माणसाला आत्म्याचे अमरत्व ऐकविण्यापेक्षा त्याच्यासह वकिलाकडे जावे. वेगळा करार केलेला नसेल तर गोव्याच्या कायद्याप्रमाणे विवाहानंतर पतिपत्नी मालमत्तेचे निम्मे-निम्मे धनी असतात, आणि मुलेबाळे असतील तर स्वतःच्या भागापैकी निम्म्याचीच व्यवस्था मृत्युपत्राने लावता येते, उरलेले निम्मे वारसांपासून हिरावता येत नाही. एवढे कळले तरी ‘माझ्यामागे हिला कोणी घराबाहेर काढील का’ या प्रश्नाचा काच पुष्कळसा सैल होतो.

वेदनेच्या भयाचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्याला सोबत लागते तसे औषधही लागते. लंडनमध्ये १९६७ साली डॉ. सिसिली साँडर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह उघडले आणि असाध्य रोग्याची वेदना वेळच्या वेळी औषध देऊन काबूत ठेवता येते, तो कण्हू लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही, हे वैद्यकाला पटवून दिले. आपल्या देशात डॉ. लुईस जुझे डिसोझा यांनी १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन स्थापन केले. भारतातील या प्रकारची ती पहिली संस्था, आणि तिची एक शाखा गोव्यात लोटली गावी आहे. ‘आता काही करण्यासारखे नाही’ हे वाक्य ज्या घराने ऐकले आहे त्या घराला हे सांगितलेच पाहिजे की रोग बरा होण्यासारखा नसला तरी धाप, मळमळ, झोप आणि दुखणे यांवर करण्यासारखे पुष्कळ असते, आणि त्याची मागणी करणे हा रोग्याचा हक्क आहे.

राहिले ते निखळ अभावाचे भय. ते बहुधा रात्री येते. छाती धडधडते, हातापायांना घाम सुटतो, आणि आता या क्षणीच सर्व संपणार असे वाटू लागते. असे भय म्हातारपणी वाढते हा समज खरा नाही. अभ्यासकांच्या पाहण्यांत वृद्धांपेक्षा तरुण आणि प्रौढ वयाच्या माणसांतच ते अधिक आढळते. अशा माणसाला आपल्याकडे सहसा मरणाचे स्मरण ठेवण्याचा उपदेश केला जातो. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी उतरून घेतली, त्यांत संत एकनाथांची एक कथा आहे: नाथांचे जीवन इतके निर्मळ कसे, असे विचारणाऱ्या गृहस्थाला नाथ सांगतात की तू सात दिवसांत मरणार, आणि त्या दिवसांत त्या गृहस्थाच्या मनातले सगळे वैर गळून पडते. कथा फार सुंदर आहे. पण ती मरण विसरलेल्या, भांडणांत रमलेल्या निरोगी माणसासाठी आहे. ज्याला रात्रंदिवस मरणावाचून दुसरे काही आठवत नाही त्याला ती ऐकविणे हा अत्याचार होय.

हा भेद जुन्या आचार्यांना उमगला होता. पाचव्या शतकातील बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात मरणस्मृतीची साधना सांगितली आहे, आणि ती सांगण्यापूर्वीच बजावले आहे की अयोग्य रीतीने केलेल्या या स्मरणातून आप्ताच्या मरणाच्या आठवणीने शोक, शत्रूच्या मरणाच्या आठवणीने आनंद, आणि स्वतःच्या मरणाच्या आठवणीने केवळ भय उत्पन्न होते. या ग्रंथाच्या संपादनात आयुष्याची कित्येक वर्षे घालविणारे धर्मानंद कोसंबी हे गोव्यातल्या सांखवाळचे, १८७६ सालचा त्यांचा जन्म; ज्ञानाच्या ओढीने ते सिंहलद्वीपापर्यंत गेले, भिक्षू झाले, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले आणि हार्वर्डलाही जाऊन आले. वार्धक्याने व व्याधींनी जर्जर झाल्यावर त्यांनी अन्न सोडले आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला देह ठेवला. ‘विसुद्धिमग्ग’ची हार्वर्डची आवृत्ती त्यानंतर तीन वर्षांनी प्रसिद्ध झाली. त्यांच्या या शेवटच्या मार्गाची शिफारस मी कोणालाही करणार नाही, आणि ती कोणी केलेली ऐकूही नये. सांगावयाचे ते इतकेच की, मरणस्मृती सांगणाऱ्या ग्रंथात आयुष्याची कित्येक वर्षे घालविलेला हा निर्भय माणूसही अखेरच्या दिवसांत आश्रमातील माणसांच्या सोबतीत आणि शुश्रूषेत होता.

आणि ज्या घरी नुकतेच मयत झाले आहे, तेथे सुतकाच्या दिवसांत गरुडपुराणातील यमयातनांची वर्णने लहान मुलांच्या कानांवर पडू देऊ नयेत, असे मला कळकळीने वाटते. बाप गेलेल्या मुलाच्या मनात तापलेल्या वाटा आणि वैतरणी भरविल्याने कोणाचे पुण्य वाढत असेल असे मी मानीत नाही. त्यापेक्षा दिवसकार्याच्या संध्याकाळी भजनी मंडळी येऊन बसली तर बरे. पेडण्याच्या पालये गावातून बांद्याला गेलेल्या घराण्यात १७१४ साली जन्मलेले संतकवी सोहिरोबानाथ आंबिये कुळकर्णीपणाचे दप्तर सांभाळीत होते. इन्सुलीच्या रानात गहिनीनाथांचा अनुग्रह झाला आणि त्यांनी ते दप्तर सोडले, असे परंपरा सांगते. उत्तरवयात ते उत्तर हिंदुस्थानात गेले, आणि १७९२ साली उज्जैनच्या मठातून जे निघून गेले ते पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत. त्यांची समाधी दाखविता येत नाही, पण गोव्याच्या भजनांतून त्यांची पदे अजून म्हटली जातात, आणि ज्याचा आवाज दुःखाने फुटत नाही असा माणूसही इतरांच्या आवाजात आपला आवाज मिसळून ती म्हणू शकतो.

डिचोली तालुक्यातल्याच साळ गावी होळीच्या पौर्णिमेपासून तीन रात्री गड्यांचा उत्सव चालतो. रानाच्या दिशेला देवचाराचा, म्हणजे लोकश्रद्धेतील राखणदाराचा, उजेड दिसला म्हणतात, गडे म्हणविणारे भाविक त्याच्या मागे काळोखात धावत सुटतात, आणि सारा गाव त्यांच्यासाठी जागा राहतो. देवचारावर ज्याची श्रद्धा नाही त्यालाही या रात्रींतून एक गोष्ट उमजावी: काळोखाला भिणाऱ्या माणसाला भिऊ नकोस असे बजावण्याऐवजी या लोकांनी त्याच्याबरोबर जागे राहण्याचा रिवाज घालून दिला. रात्री भयाने उठून बसलेल्या माणसालाही तेच लागते. त्याने दिवा लावावा, पाय जमिनीला टेकवावेत, श्वास सावकाश सोडावा, आणि घरातल्या कोणाला तरी संकोच न करता हाक मारावी. हाक ऐकणाऱ्याने वाद न घालता जवळ बसावे. धडधड पहिल्यानेच झाली असेल किंवा छातीत दुखत असेल तर प्रथम डॉक्टर गाठावा, तेथे धीरावर भिस्त ठेवू नये. घरी कोणी नसेल, किंवा हे भय आठवड्यामागून आठवडे झोप आणि अन्न हिरावून घेत असेल, तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी विनामूल्य लागतो आणि तेथे मराठीतून बोलता येते.

नळ्यांच्या आणि अनोळखी खोलीच्या भयावर आता कायद्यानेही एक वाट मोकळी केली आहे. आपण बोलण्याच्या अवस्थेत नसलो आणि सुधारणेची आशा उरली नसली, तर कोणते उपचार चालू ठेवावेत व कोणते थांबवावेत हे आधीच लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्यता दिली. आरंभी त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागे. जानेवारी २०२३ मध्ये ती अट काढून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही केली तरी पुरते असे ठरले. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे असे लिव्हिंग विल नोंदवून गोव्यात या प्रघाताला सुरुवात करून दिली. हा कागद लिहावयाचा म्हणजे आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या माणसांची नावे घालावी लागतात, आणि नावे घालावयाची म्हणजे त्या माणसांशी आधी बोलावे लागते. बापलेकांमधील जे संभाषण आजवर दहाव्या दिवशी नदीकाठी व्हायचे ते त्यामुळे ओटीवर, दोघेही हयात असताना होते. सहीला दोन साक्षीदार लागतात, आणि ते शक्यतो घरच्यांखेरीज असावेत असे न्यायालयाने म्हटले आहे. तेव्हा त्यांतला एक तरी शेजारघरचा, अडीअडचणीला पेजेचे भांडे घेऊन येणाऱ्यांपैकी असावा.