माळ्यावरच्या पेटीतली लष्करी पत्रं : आजोबांनी आजीला काय लिहिलं होतं, ते वाचायचं कसं?

कर्जत/खालापूर : आगोटीच्या दिवसांत माळा झाडायला घेतला की पत्र्याची जुनी पेटी खाली येते. आत पितळी बिल्ला, खाकी पट्टा, एखादं पदक आणि तळाशी पिवळी पडलेली पत्रं. पदक ठेवलं जातं. पत्रं मात्र "काय लिहिलंय ते वाचताच येत नाही" म्हणून रद्दीत जातात नाहीतर वाळवी खाते. पहिल्या महायुद्धापासून कारगिलपर्यंत फौजेत गेलेल्या माणसांच्या घरी अजूनही अशा पेट्या आहेत, आणि त्यात काय असतं हे समजून घेतल्याशिवाय त्या रिकाम्या करू नयेत.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्याने बायकोला थेट पत्र लिहिणं ही सोपी गोष्ट नव्हती. बहुतेक शिपायांना लिहिता येत नसे आणि गावात बायकोला वाचता येत नसे. पलटणीतला लिहिणारा एखादा माणूस मजकूर उतरवून घ्यायचा आणि गावात तो मास्तर, पोस्टमन नाहीतर तलाठी वाचून दाखवायचा. म्हणजे नवरा-बायकोच्या बोलण्यात दोन परकी माणसं कायम हजर. त्यात घरात सासरे, दीर, जाऊबाई. त्यामुळे पुष्कळ पत्रांवर नाव वडिलांचं किंवा थोरल्या भावाचं असतं आणि बायकोसाठी म्हणून शेवटी एक ओळ. "घरातील मंडळींस सांगणे" असं लिहिलेलं दिसलं तर ते मंडळी म्हणजे बहुतेक वेळा आजीच.

मजकूरही पहिल्या नजरेला कोरडा वाटतो. बैल विकू नका, सावकाराचं व्याज दिलं का, भात किती झालं, पोराला शाळेत घातलं का. लढाईचं नाव नाही, प्रेमाचा शब्द नाही. पण "इकडील सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवणे" ही ठरलेली ओळच त्या पत्राची खरी बातमी होती. त्या तारखेला माणूस जिवंत होता. म्हणून बायको आधी तारीख विचारायची आणि मग मजकूर. पत्र यायला तीन-चार आठवडे लागले असतील तर तेवढ्या दिवसांत पुढे काय झालं, याचा घोर पुन्हा सुरू.

मनीऑर्डरचं कुपनही टाकू नका. १९१४ साली साध्या शिपायाला महिन्याला ११ रुपये पगार होता. त्यातून जे वाचे ते मनीऑर्डरने घरी यायचं आणि फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी लिहायला जागा असायची. पत्र वडिलांच्या नावे आणि मनीऑर्डर बायकोच्या नावे, असं एखाद्या घरात सापडलं तर त्या दोन कागदांत बरंच काही कळतं.

पाकिटावरून युद्ध ओळखता येतं

आतला मजकूर लागत नसला तरी पाकीट बोलतं. म्हणून पाकीट आणि पत्र वेगळं करू नये. तिकिटावर पंचम जॉर्ज राजाचं तोंड आणि त्यावर इंग्रजीत आय.ई.एफ. ही तीन अक्षरं छापलेली असतील तर ते पहिल्या महायुद्धातलं. परदेशी पाठवलेल्या हिंदी फौजेसाठी ही तिकिटं होती. या फौजांना अक्षरं दिलेली होती. 'ए' म्हणजे फ्रान्स, 'डी' म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. शिक्क्यात गावाचं नाव नसून फील्ड पोस्ट ऑफिस आणि नंबर असतो. ठिकाण शत्रूला कळू नये म्हणून ही सोय.

हीच पद्धत पुढे चालू राहिली. पत्त्यात "मार्फत ५६ ए.पी.ओ." किंवा "९९ ए.पी.ओ." दिसलं तर पत्र आपल्या लष्करातलं. ५६ नंबर मुख्यतः पश्चिम आणि उत्तरेकडच्या, ९९ नंबर पूर्वेकडच्या तुकड्यांसाठी. गावातून टाकलेलं पत्र आधी लष्कराच्या टपाल केंद्रात जायचं आणि तिथून पलटण जिथे असेल तिथे. बायकोला नवरा लडाखला आहे की राजस्थानात, हे पत्त्यावरून कळायचं नाही. तिच्यासाठी तो कायम "छप्पन एपीओ"लाच असायचा. निळं अंतर्देशीय पत्र असेल तर ते १९५० नंतरचं, कारण ते ऑक्टोबर १९५० मध्ये सुरू झालं. या लष्करी टपाल खात्याचं प्रशिक्षण केंद्र आपल्याच राज्यात, नागपूरजवळ कामठीला आहे.

पत्र तिसराही वाचायचा

नवरा, लिहिणारा आणि वाचणारा यांच्याशिवाय आणखी एक माणूस पत्र उघडायचा. सेन्सॉर. १९१४ मध्ये हिंदी फौज फ्रान्समध्ये उतरली. युद्धाच्या चार वर्षांत तिथे सगळे मिळून १ लाख ३८ हजारांवर हिंदी माणसं गेली, आणि त्यांची पत्रं तपासायला एव्हलिन हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याचं कार्यालय बसवलं गेलं. पत्र कापून किंवा अडवून ठेवता यायचं, पण साहेबाला त्याहून जास्त हवं होतं ते शिपायांच्या मनात काय चाललंय याचा अंदाज. म्हणून निवडक पत्रांचे उतारे इंग्रजीत करून अहवाल तयार होत. मूळ पत्रं गावाकडे गेली, उतारे लंडनला राहिले. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने त्यातले निवडक उतारे १९९९ मध्ये पुस्तकरूपात आणले.

शिपाईही कच्चे नव्हते. काही पत्रांत काळी मिरी आणि लाल मिरची असा उल्लेख येतो. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत चालली असं लिहिलं की गावातल्या माणसाने समजून घ्यायचं आणि धाकट्या भावाला भरतीला पाठवायचं नाही. हे सेन्सॉरलाही कळलं, म्हणून तर ते अहवालात उतरलं. काही शिपायांनी फ्रान्समधल्या बायका शिकलेल्या, शेत आणि दुकान एकट्या सांभाळणाऱ्या पाहिल्या आणि आपल्या मुलींना शाळेत घाला असं घरी कळवलं. खंदकात बसून मुलीच्या शाळेचा विचार करणारा माणूस सेन्सॉरच्या अहवालात सापडतो, घरच्या आठवणीत मात्र नसतो. कारण ते पत्र घरात उरलंच नाही.

यात एक अडचण आहे. हे उतारे प्रामुख्याने पंजाब आणि उत्तरेकडच्या शिपायांचे. कोकण, सातारा भागातल्या मराठा पलटणी जास्त करून मेसोपोटेमियात होत्या. तिकडची पत्रं अशी नीट जपून ठेवलेली सापडत नाहीत. म्हणजे आपल्या भागातल्या शिपायाने काय लिहिलं, ते लंडनला शोधून फारसं हाती लागणार नाही. ते असेल तर इथेच, कुणाच्या तरी माळ्यावर.

कुतचा वेढा आणि थांबलेलं टपाल

मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच 'पूना डिव्हिजन' होतं. त्यातली पहिली तुकडी ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबई बंदरातून निघाली. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी या डिव्हिजनमध्ये होत्या. बगदादकडे गेलेली ही फौज मागे हटून कुत-अल-अमारा या गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा जवळपास पाच महिने वेढा पडला. धान्य संपलं, घोडे कापून खायची वेळ आली. धर्माला चालत नाही म्हणून कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारलं आणि उपासमार सोसली. शेवटी सुमारे १३ हजार जण तुर्कांच्या कैदेत गेले. वाळवंटातून चालत नेताना आणि कैदेत हजारो मेले.

या काळात घरी काय कळत असेल? पत्र बंद. मेला म्हणून कागद नाही आणि आहे म्हणून पत्र नाही. कुंकू लावायचं की पुसायचं हे सांगणारंसुद्धा कुणी नाही. पेटीतल्या पत्रांत १९१५ च्या अखेरीपासून अचानक खंड दिसला तर त्यामागे कुत असू शकतं. दुसऱ्या महायुद्धात जून १९४२ मध्ये तोब्रुक पडलं, तेव्हाही मराठा पलटणीच्या माणसांच्या घरी असंच झालं.

बसऱ्याला मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्यांचं स्मारक आहे. त्यावर गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली नुसती संख्या. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते स्मारकही बंदरावरून हलवून दूर वाळवंटात नेलं गेलं.

रायगडातलं ठळक नाव

आपल्या जिल्ह्यात युद्ध म्हटलं की माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे आठवतात. १० जुलै १९४४ रोजी इटलीत सोबतचे सगळे पडल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच गोळी लागून गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. इटलीत त्यांची कबर नाही, कॅसिनो येथील स्मारकावर नाव आहे. पुतळा एकाचा होतो. त्याच पलटणीतून गेलेल्या बाकीच्यांची कहाणी घरच्या कागदांतच राहते.

आपलं माणूस शोधताना "कर्जत" फसवतं

युद्धात गेलेल्या सैनिकाचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मोबाइलवरूनही शोधता येतं, पैसे लागत नाहीत. पहिल्या युद्धासाठी ऑगस्ट १९१४ ते ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी सप्टेंबर १९३९ ते डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू त्यात आहेत. काही नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही असतो. शोधताना जिल्हा "रायगड" टाकून उपयोग नाही. १९८१ पर्यंत हा कुलाबा जिल्हा होता आणि त्याचंही इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांनी येतं. शिवाय दुसरं कर्जत पूर्वीच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. तिकडूनही भरपूर लोक फौजेत गेले. नोंदीत नुसतं कर्जत दिसलं म्हणून आपला माणूस समजू नये, गावाचं नाव जुळतंय का ते पाहावं. आडनावंही साहेबाला ऐकू आली तशी लिहिलेली असतात. त्यासाठीच पत्रावरचा सैनिक क्रमांक आणि पलटणीचं नाव महत्त्वाचं. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना राज्य सरकारचं मानधन असतं. त्याबाबत किंवा नोंदींबाबत अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करताना हा क्रमांक हाताशी असला की हेलपाटे वाचतात.

अक्षर लागत नाही? मोडी असेल

जुनी पत्रं "गिचमिड" वाटतात, कारण ती बऱ्याचदा मोडीत आहेत. भाषा मराठीच, लिपी वेगळी. स्वातंत्र्यानंतर मोडी शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत घरातलंच अक्षर परकं झालं. राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, त्यातून शिकलेले वाचक आता बऱ्याच ठिकाणी भेटतात. जमिनीचे जुने कागद वाचणारा माणूस तालुक्यात असतोच. त्यालाच पत्रंही दाखवावीत. फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा टाकला तर अक्षर फाटतं. तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवावा. ओटीवर दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता, दोन्ही बाजूंचा आणि पाकिटाचाही फोटो काढावा.

आणि कृपा करून लॅमिनेशन करू नये. दुकानदार सांगेल, छान टिकतं. टिकत नाही, आणि पुन्हा काढता येत नाही. सेलोटेप नको, टाचणी नको, रबर नको. ओल लागली असेल तर उन्हात न टाकता सावलीत वाळवावं. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळाभर ठेवलं तर आतल्या आत घाम धरून बुरशी येते. सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून सुटं ठेवलेलं बरं.

फोटो ग्रुपवर टाकायच्या आधी आजी हयात असेल तर तिला विचारावं. पत्र तिचं आहे. काही ओळी तिने कुणाला वाचून दाखवल्या नसतील, त्या तशाच राहू द्याव्यात. आणि घरातलं कुणी आज नोकरीवर असेल तर त्याची पलटण, ठिकाण, सुट्टीची तारीख याचे स्टेटस ठेवू नयेत. जुलै २०२० मध्ये लष्कराने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप मोबाइलमधून काढायला सांगितले, ते याच कारणाने. आता पाकीट फोडणारा सेन्सॉर नाही, ते काम घरच्यांनाच करायचं आहे.

पेटी उघडाल तेव्हा एक वही जवळ ठेवा. पहिलं पत्र कधीचं, शेवटचं कधीचं, मध्ये खंड कुठे, एवढं आधी लिहून काढा. मग आजीला विचारा की त्या खंडात घरी काय झालं होतं.