वाळवीची शेती, मुंग्यांची शिलाई

चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीला निघालात की रस्त्याच्या कडेला भोजनालयं लागत जातात. पाट्यांवर पनीर आहे, नूडल्स आहेत. ते सोडा, ते देशभर सारखंच लागतं. गल्ल्यावरच्या माणसाला सरळ विचारा, "भाऊ, आज घरी काय रांधलं?" इथलं खरं जेवण छापील कार्डावर क्वचित येतं. ते आठवडी बाजारातून येतं, ऋतू पाहून येतं, आणि चुलीवर चढण्याआधी त्यावर कोणाकोणाचे कष्ट झालेले असतात हे कळलं तर घास हातातच राहतो. त्या कष्टकऱ्यांतले निम्मेअधिक माणसं नाहीत.

पण सुरुवात माणसापासूनच करू, कारण पहिलं नवल साध्या भातात आहे.

ही झाडीपट्टी. इथे शेताला बांधी म्हणतात आणि बांधीत धान असतं. ताटात येणारा बारीक, मऊ भात बहुधा एचएमटी असतो. हे नाव तुम्ही किराणा दुकानात शंभरदा ऐकलं असेल. तो जन्मला कुठे? नागभीड तालुक्यातल्या नांदेड नावाच्या खेड्यात. दादाजी रामाजी खोब्रागडे, शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली 'पटेल ३' या वाणाच्या धानात फिरताना त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. पिवळसर झाक असलेल्या. हजारो लोंब्यांत तीन! आपण असतो तर पुढे गेलो असतो. दादाजींनी त्या तोडून जपून ठेवल्या आणि पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या.

आता यातली खरी मेख पाहा. मक्याच्या शेतात असं एखादं वेगळं झाड निघालं तर वाऱ्यावर उडणारे शेजाऱ्यांचे पराग त्याचं वेगळेपण एक-दोन पिढ्यांत मिसळून टाकतात. धानाचं तसं नाही. त्याचं फूल उमलतं ते थोड्याच वेळापुरतं, आणि उमलतानाच स्वतःच्या परागांनी फळून मोकळं होतं. बाहेरच्याला शिरकाव जवळजवळ नाहीच. म्हणून धानात एखादा गुण अवचित उपजला तर तो टिकू शकतो. फक्त तो कोणाच्या तरी नजरेला पडायला हवा, आणि त्या माणसानं वर्षामागून वर्ष त्याचीच निवड करत राहायला हवं. दादाजींनी नेमकं तेच केलं. १९९०च्या सुमारास हे धान बाजारात गेलं तेव्हा त्याला नाव नव्हतं. त्या काळी मनगटावर एचएमटीचं घड्याळ असणं ही मोठी गोष्ट होती, तेच नाव धानाला चिकटलं. पुढे राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते सत्कार झाला, २०१०मध्ये 'फोर्ब्स'च्या यादीत नाव आलं. श्रीमंती मात्र आली नाही. दादाजी २०१८मध्ये गेले. तांदळाच्या पोत्यावर वाणाचं नाव असतं, तो शोधणाऱ्याचं नसतं. मला हे फार खटकतं.

भाताशेजारच्या वाटीत काय आहे? नशीब असेल तर लाखोळी. डाळ, किंवा कोवळ्या पाल्याची भाजी. धान अजून उभं असतं, बांधीत ओल असते, तेव्हाच उभ्या पिकात लाखोळी फेकून पेरतात. नांगरणी नाही, पाणी देणं नाही. धान कापून नेईपर्यंत हिचे कोंब वर आलेले असतात आणि उरल्यासुरल्या ओलीवर पीक उभं राहतं. वर डाळवर्गातली असल्यामुळे मातीत नत्रही सोडून जाते. इतकी गुणी डाळ, तरी १९६१ साली देशात तिच्या विक्रीवर बंदी आली. का? कारण तिच्यात एक विष आहे. आपल्या मेंदूत आणि मज्जारज्जूत एक पेशी दुसरीला निरोप देते तेव्हा ग्लुटामेट नावाचा पदार्थ वापरते. लाखोळीतलं विष दिसायला त्याच्यासारखंच. पेशी फसते, निरोप आला म्हणून चेतत राहते आणि चेतून चेतून मरते. माणसाचे पाय कायमचे आखडतात. पण थोड्या लाखोळीनं हे होत नाही. दुष्काळात बाकी सगळं करपलेलं असताना हीच एक डाळ तग धरते, महिनोन्‌महिने पोट तिच्यावरच भरावं लागतं, तेव्हा हे संकट येतं. जगवणारी आणि लुळं करणारी गोष्ट एकच, आणि दोन्हीचं कारण तिचा चिवटपणा! डाळ भिजवून, उकळून वरचं पाणी फेकलं की विष बरंच कमी होतं. शेतीशास्त्रज्ञांनी पुढे कमी विषाचे वाणही काढले.

पावसाळ्यात या रस्त्याला एक वेगळीच गर्दी असते. पळसाच्या पानांवर छत्र्यांचे ढीग मांडून बायका बसलेल्या दिसतात, आणि भाव ऐकून शहरातली गिऱ्हाइकं डोळे विस्फारतात. सात्या, टेकोडे अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या या रानअळंब्या काही केल्या स्वस्त होत नाहीत. बटण मशरूमसारखी त्यांची शेती का करत नाही कोणी?

कारण शेतकरी आधीच ठरलेला आहे. वाळवी!

वारुळांभोवती उगवणाऱ्या या अळंब्या म्हणजे वाळवीच्या पिकाला आलेली फळं. वाळवी पालापाचोळा, लाकूड खाते खरी, पण लाकडातला चिवट भाग तिला पचत नाही. मग ती अर्धवट पचलेला चोथा वारुळाच्या पोटात नीट रचते. भोकाभोकांचा, स्पंजासारखा ढीग तयार होतो. त्यावर एक बुरशी वाढते, तो चोथा फोडून मऊ करते, आणि मग वाळवी बुरशीसकट तो खाते. तापमान सांभाळलेलं, ओल सांभाळलेली, तण येऊ न दिलेलं. माणसाला शेती करू लागून दहा-बारा हजार वर्षं झाली. वाळवीची ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली.

आणि ती अळंबी वर का येते? वाळवीचे पंखवाले राजा-राणी पहिल्या पावसात उडतात, पंख टाकतात, जमिनीत शिरून नवा संसार थाटतात. पण यांतल्या बहुतेक जातींत हे जोडपं बियाणं सोबत नेत नाही. नवं घर, आणि पेरायला काही नाही! काही आठवड्यांनी त्यांची पहिली पिल्लं मोठी होऊन चारा गोळा करायला बाहेर पडतात. नेमक्या याच हंगामात जुन्या वारुळांतली बुरशी जमिनीखालून लांबलचक देठ वर ढकलते, त्याच्या टोकाला भाल्यासारखं कठीण बोंड असतं, त्यानं माती फोडते आणि छत्री उघडते. बीजकण सगळीकडे पसरतात. नवी वाळवी पाल्यासोबत ते घरी नेते आणि शेत लागतं. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याशिवाय टिकत नाही, तरी दर पिढीत त्यांची गाठ अशी उघड्या रानात नव्यानं पडावी लागते. माणसाला या अळंबीची बाजारासाठी लागवड आजवर जमलेली नाही. देठ हळूच उपसून पाहिलात तर मुळासारखा खोल गेलेला असतो, थेट वाळवीच्या शेतापर्यंत. मलेशियातही पावसाळ्यात वारुळावरच्या याच कुळातल्या अळंब्यांवर लोक तुटून पडतात. झांबियातल्या एका जातीची छत्री तर मीटरभर रुंद होते.

चवीचं सांगू? कांदा, हिरवी मिरची, वर सांबार. (सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर, दक्षिणेतलं सांबार नव्हे.) बस, जास्त मसाला घालणाऱ्याला माफी नाही. आणि एक काळजी: रानातली छत्री स्वतः ओळखायचं धाडस करू नका. विषारी अळंब्या जीव घेतात. ओळखणाऱ्या बायकांकडूनच घ्या.

याच दिवसांत वास्ते येतात, बांबूचे कोवळे कोंब. कोंब उभा चिरून पाहा, आत पेरावर पेर दाटून बसलेलं दिसेल. उंच बांबूला पुढे जेवढी पेरं असणार ती सगळी या वीतभर कोंबात आधीच तयार असतात. नंतर ती नुसती लांबत जातात. जाडीही जन्मतःच ठरलेली, बांबू पुढे जाड होत नाही. इथेही विष आहे बरं. कोंब कापला की त्यातून सायनाइड सुटू लागतं. पण उकळलं की ते वाफेबरोबर निघून जातं. कातरायचं, भिजवायचं, उकळायचं, पाणी फेकायचं: ही रीत रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी घराघरांत बसलेली होती.

आणखी दक्षिणेला उतरलात, भामरागडपर्यंत, तर जेवणात एक गोष्ट येते जिच्यापुढे अनेकांचा धीर सुटतो. लाल मुंग्यांची चटणी. हॉटेलात शोधू नका; ती माडिया घरांत होते किंवा बाजारात द्रोणातून मिळते. मुंग्या आणि त्यांची पांढरी अंडी-पिल्लं, मिरची, मीठ, पाट्यावर वाटलेली. जिभेवर पहिल्यांदा येतो तो लख्ख आंबटपणा, लिंबू पिळल्यासारखा. तो फॉर्मिक आम्लाचा. १६७१ साली जॉन रे या इंग्रज निसर्गअभ्यासकानं ढीगभर मुंग्यांचा अर्क काढून हे आम्ल वेगळं केल्याचं नोंदवलं. आज हेच आम्ल कारखान्यांत बनतं आणि मलेशियातल्या रबराच्या मळ्यांत चीक गोठवायला वापरलं जातं. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

पण चटणीपेक्षा नवल त्या मुंग्यांच्या घराचं. झाडावर जिवंत पानांचा, जोडलेला, हिरवा गोळा. ही पानं जोडली कशी? आधी मुंग्या एका पानाच्या कडेवर रांगेनं उभ्या राहतात, जबड्यानं शेजारचं पान पकडतात आणि सगळ्या मिळून मागे खेचतात. अंतर जास्त असेल तर एक मुंगी दुसरीची कंबर धरते, दुसरी तिसरीची, आणि हवेत साखळी तयार होते. पानं जवळ आली की आतून आणखी काहीजणी येतात. प्रत्येकीच्या तोंडात एक अळी. स्वतःच्याच वस्तीतलं पिल्लू! मोठ्या मुंगीला रेशीम काढता येत नाही, अळीला येतं. मग मुंगी त्या अळीला विणकराच्या धोट्यासारखी या पानावरून त्या पानावर फिरवते, अळी धागा सोडत जाते आणि पानं शिवली जातात. हे रेशीम मुळात असतं कशासाठी? अळीनं स्वतःभोवती कोश विणावा म्हणून. या अळ्या कोश विणतच नाहीत. सगळं रेशीम घरालाच जातं आणि त्या उघड्याच वाढतात. म्हणून तर पाट्यावर त्या इतक्या सहज वाटल्या जातात.

आणि शेवटी गोड. मोहफुलांचा लाडू.

फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत मोहाची पानं झडलेली असतात आणि फांद्यांच्या टोकाला फुलांचे घोस लागतात. फूल रात्रीचं. वटवाघळं येतात, गोड पाकळ्या चघळतात, अंगाला पराग लागतो आणि दुसऱ्या फुलाला पोचतो. पहाटे फुलं टपाटप गळू लागतात, आणि बायका-मुलं टोपल्या घेऊन झाडाखाली हजर होतात. एकटी नव्हे, अस्वलालाही मोह आवडतो, हरणालाही, आणि हरणामागे वाघ येतो. चंद्रपूरच्या रानात मोहाचा हंगाम म्हणूनच जिवावरचाही असतो.

आता एक शंका यायला हवी. सगळी फुलं माणसं वेचून नेतात, मग फळं कशाला लागतात? मोहाचं फूल खाली पडतं ते अर्धंच. पडते ती रसाळ पाकळ्यांची पिवळट कुपी, आत पुंकेसर असलेली. बीजांडकोश वरच राहतो, देठाला घट्ट. म्हणजे तुम्ही वेचता तो झाडाच्या कामातून सुटलेला भाग. निसर्गात फूल तोडलं की फळ गेलं, हा हिशेब इथे लागूच होत नाही. दोन महिन्यांनी त्याच फांद्यांवर टोळ लागतात, त्यांच्या बियांचं तेल निघतं आणि थंडीत ते तुपासारखं थिजतं. फूल वाळलं की त्याच्या वजनाचा अर्ध्याहून मोठा भाग निव्वळ साखर असते. दारू होते ती म्हणूनच. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती. पण मोहाला दारूच्या नावावर मांडून टाकणं हा त्या झाडावर अन्याय आहे. भाजलेली फुलं तिळासोबत कुटून वळलेला लाडू एकदा खाऊन बघा.

झाडाची अडचण वेगळीच आहे. मोहाचं बी फार दिवस जिवंत राहत नाही. टोळ पिकतात ते पावसाच्या तोंडावर, आणि पडल्यावर काही आठवड्यांत रुजलं नाही तर बी गेलंच. त्यातलं पुष्कळसं तेलाला जातं. जे रुजतं ते रोप पुढच्या उन्हाळ्यात आगीत सापडतं, कारण फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळायची पद्धत आहे. त्यामुळे म्हाताऱ्या मोहांखाली पोरसवदा मोह फारसे दिसत नाहीत. अलीकडे काही ठिकाणी झाडाखाली जाळ्या बांधतात. फुलं वरच्या वर झेलली जातात, आग लावावी लागत नाही. शिवाय जाळीवरच्या फुलाला माती लागत नाही, आणि त्याचा लाडू दाताखाली कचकचत नाही. विकत घेताना हे आधी विचारून घ्या.